तिसरी गिटार

मन्सूरभाईंच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात कुणी शिरलं की निशिगंधा आधी त्याचे हात बघायची, मग हातातलं वाद्य, आणि सवड मिळाली तर चेहरा. गिटार छातीशी धरणारा ती विकणार नाही, काखेत मारून आणणारा मिळेल त्या भावात देऊन टाकेल, आणि खांद्यावर टाकून ऐटीत येणाऱ्याला ती वाजवताच येत नाही, असे तिचे ठोकताळे होते. चिंचवड स्टेशनजवळच्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात ते सहसा चुकत नसत.

त्या दिवशी चुकले. चाकणच्या कुठल्याशा कंपनीचा करडा युनिफॉर्म घातलेला एकजण आत आला. फुलाफुलांच्या पलंगपोसात गुंडाळलेली गिटार त्यानं शेजाऱ्यांचं तान्हं बाळ घ्यावं तशी दोन्ही हातांवर आडवी धरली होती. धड घेताही येत नाही, खाली ठेवायचीही भीती. या धरण्याचा हिशेब निशिगंधाला लागेना, म्हणून नाइलाजानं तिनं चेहरा बघितला… आणि मग जरा जास्तच वेळ बघितला.

"चाचा, हिची एक खुंटी सैल झालीय. सूर धरतच नाही."

"वाजव बघू, बेटा," मन्सूरभाई म्हणाले.

त्यानं चोरी करायला आल्यासारखं इकडेतिकडे बघितलं, एक तार बोटानं दाबली आणि अंगठ्यानं छेडली. एकच नोट. उबदार, भरलेली… आणि विझता विझता शेवटी किंचित खरखर, जसं कुणी हसू दाबलंय पण पुरतं दाबता आलं नाही.

निशिगंधाचा चहा बशीत सांडला.

"थांबा! तीच नोट. परत वाजवा."

"विकायची नाहीये, मॅडम."

"विकत कोण मागतंय? मला फक्त आवाज हवाय."

"आवाज तुम्ही नेणार? मग मी काय, मुकी गिटार घरी नेऊ?"

मन्सूरभाई मिशीतल्या मिशीत हसले. निशिगंधाला मात्र समजावून सांगावंच लागलं, आणि समजावताना तिचे हात नेहमीपेक्षा जास्त हलत होते. तळवड्यातली तिची कंपनी कॉम्प्युटरवर वाजणारी वाद्यं बनवायची. एखाद्या गिटारची प्रत्येक नोट वेगवेगळी रेकॉर्ड करायची… हळू, मध्यम, जोरात. मग कुठल्याही गावातल्या पोरानं कीबोर्डवर बोट ठेवलं की हीच गिटार वाजणार. अशा सगळ्या नोटांचा संच म्हणजे लायब्ररी. यंदाची लायब्ररी जुन्या गिटारींची होती, आणि निवड पहिल्यांदाच शेखर सरांनी तिच्यावर सोपवली होती. तीन गिटारी हव्या होत्या. खडकीच्या एका चर्चमधली एक ठरली होती, देहूरोडच्या बँडवाल्यांची दुसरी. तिसरी काही केल्या सापडत नव्हती, म्हणून तर ती इथे ठाण मांडून होती.

"येत्या गुरुवारपर्यंत तिसरी नाही मिळाली," ती म्हणाली, "तर सर मुंबईच्या एका संग्राहकाची घेतील. आणि म्हणाले, पुढच्या वेळी निवड मीच करेन."

"रागावून म्हणाले?"

"गोड आवाजात म्हणाले. तेच तर वाईट."

"आणि गुरुवारच का?"

"तुम्ही चाकणला कामाला, आणि विचारता? गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. आमच्या शेजारी पत्रे ठोकणारं प्रेस शॉप आहे. बाकी दिवशी नोटेबरोबर त्यांचा दणकापण रेकॉर्ड होतो."

तो हसला. नाव प्रज्वल. राहायला रावेतला. गिटार वडिलांची, सोपानरावांची. कलकत्त्याला बनलेली, त्यांनी कंपनीच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी घेतलेली.

"म्हणजे सध्या तुमचा बघण्याचा कार्यक्रम चाललाय म्हणा ना."

"तसंच समजा. मुलीची माहिती सांगा."

"स्वभावानं शांत. घरकामाची सवय नाही. वयानं माझ्याहून मोठी, पण दिसत नाही."

"मुलीकडचं कोण कोण येणार?"

"मी एकटाच. चालेल?"

निशिगंधानं ती नोट फोनवर रेकॉर्ड करून घेतली. त्याचा नंबरही घेतला. नंबर कामासाठीच होता. बरोबर आहे की नाही हे तिनं दोनदा मिस्ड कॉल देऊन तपासलं, तेही कामासाठीच.

शेखर सरांनी फोनवरची नोट ऐकली, डोळे मिटून परत ऐकली आणि म्हणाले, "हं. आण गुरुवारी." सरांच्या तोंडून 'हं' निघणं म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. निशिगंधा जिन्यावरून उतरली ती जवळजवळ नाचतच.

मग आठवडाभर मेसेज सुरू झाले. सुरुवात अर्थातच गिटारवरून. पाहुणीला प्रवास सोसेल ना, पाहुणीला ऊन चालतं का… मग पाहुणीला घेऊन येणाऱ्याला काय आवडतं, मिसळीचा कट वेगळा घ्यावा की वरूनच ओतावा, सेकंड शिफ्ट करून माणूस दुपारी उठतो तेव्हा त्याला सुप्रभात म्हणायचं की नाही. निशिगंधाच्या मामीनं तिच्यासाठी आणलेल्या तीन स्थळांची खिल्ली उडवून झाली. ती तिन्ही स्थळं कशी नापास झाली हे प्रज्वलनं दोनदा विचारून घेतलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गिटारीच्या प्रत्येक मालकाला निशिगंधा एक वाक्य बजावून सांगायची : रेकॉर्डिंगपर्यंत हिला हात लावू नका, पुसूसुद्धा नका, तारा तर मुळीच बदलू नका. चर्चच्या फादरना तिनं हे सांगितलं होतं. बँडवाल्यांना तर दरडावून सांगितलं होतं. या एका मालकाला तेवढं सांगायचं राहून गेलं. का राहिलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं विषय बदलला असता.

गुरुवार उजाडला. एरवी हादरणारं तळवडं त्या दिवशी इतकं गप्प होतं की रस्त्यापलीकडच्या कावळ्याचे पायसुद्धा पत्र्यावर ऐकू येत होते. प्रज्वल कडक इस्त्रीचा पोपटी शर्ट घालून आला. पलंगपोस गेला होता, त्याच्या जागी नवीकोरी बॅग होती. त्यानं ती उघडली, आणि आरशावर ऊन पडावं तसा खोलीत लखलखाट झाला.

"पप्पा आणि मी दोन दिवस लागलो होतो," तो उत्साहानं म्हणाला. "चाचांकडून पूर्ण सर्व्हिसिंग. नव्या तारा. वरून गाडीचं पॉलिश. कशी दिसतेय?"

निशिगंधानं गिटार मांडीवर घेतली आणि तीच नोट वाजवली. स्वच्छ, गोड, साफ… कुठल्याही दुकानात खिळ्याला टांगलेली गिटार वाजेल तशी. परत वाजवली. शेवटचं ते दाबलेलं हसू कुठेच नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"सांगायला कशाला हवं? घरचं माणूस चारचौघांत पाठवायचं तर आंघोळ घालूनच पाठवतात ना?"

"अहो, ती मळकी होती म्हणूनच हवी होती मला!"

"मग तसं बोलायचं होतंत. आठवडाभर मिसळीचा कट तेवढा सांगितलात!"

खरंच होतं ते.

"सगळ्यांना सांगते मी. तुम्हालाच राहिलं."

"मलाच का?"

माईकची वायर तिला अचानक फार बघण्यासारखी वाटू लागली.

"जुन्या तारा कुठे आहेत?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

"आईनं बाल्कनीतला वेल बांधला त्यांनी."

काचेपलीकडून शेखर सरांचा आवाज स्पीकरवर आला. "काय निशिगंधा, सुरू करायचं?"

आता तिच्या मनात जे आलं ते मोठं सोयीचं होतं. 'हो' म्हटलं तर आज दिवसभर रेकॉर्डिंग, कदाचित पुढच्या गुरुवारीही. तिसरी गिटार तिच्या निवडीची म्हणून लागणार, आणि तिच्याबरोबर हा पोपटी शर्टही येत राहणार. कुणाला कळणार होतं? सरांना एखादवेळी कळलंही असतं. पण तिला स्वतःला रोज कळलं असतं.

"नको, सर. आवाज गेलाय हिचा. चूक माझी आहे, मालकांना सूचना द्यायची राहिली."

"बरं," सर गोड आवाजात म्हणाले. "मुंबईला फोन लावतो."

प्रज्वल तिच्याकडे बघत राहिला. रागानं नाही, हेच तिला जास्त लागलं. "पप्पा फोन हातात धरून बसलेत घरी," तो म्हणाला. "सांगतो त्यांना, मुलगी पसंत पडली पण उंचीवरून अडलं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यानं गिटार उचलली, बॅगेत ठेवता ठेवता थांबला आणि नापास होऊन आलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारावी तशी एक तार छेडली.

आणि गिटार हसली! तशीच, शेवटी… किंचित.

"हलू नका!" निशिगंधा इतक्या जोरात ओरडली की तो बोट तसंच ठेवून पुतळा झाला. ती वाकली. बोट बघितलं. गिटारच्या गळ्यावर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. तार पडद्याला अगदी चिकटून दाबायची, हे गिटार शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो. या महाशयांचं बोट पडद्यापासून चांगलं लांब, मागे टेकलेलं होतं.

"तुम्ही नेहमी असंच दाबता?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पप्पा ओरडतात. पडद्याला धरून दाब म्हणतात. मला जमतच नाही. म्हणून तार शेवटी कुरकुरते. घरात मला वाजवायला बंदी आहे, मॅडम!"

निशिगंधानं गिटार हिसकावून घेतली आणि तसंच मागे बोट ठेवून बघितलं. तिचं शिकलेलं बोट. खट्ट करून तार मेली. त्यानं वाजवलं, ती हसली. परत तिनं, खट्ट. परत त्यानं, हसली!

म्हणजे दुकानात तिनं गिटार निवडलीच नव्हती. आठवडाभर जिच्या आवाजावर ती जीव टाकत होती ती कलकत्त्याची कारागिरी नव्हे, रावेतचं एक चुकार बोट होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"सर! मुंबईला फोन लागला?"

"लागतोय."

"ठेवा! ठेवा, सर! आधी हे ऐका!"

सरांनी ऐकलं. चष्मा काढला, पुसला, घातला. "हा मुलगा प्रत्येक नोट अशीच चुकीची वाजवेल?"

"सर, त्याला बरोबर येतच नाही."

"उत्तम. बसव त्याला."

रेकॉर्डिंगचा नियम एकच : नोट वाजली की ती पूर्ण विझेपर्यंत खोलीत काही हलता कामा नये. बोलणं नाही, खुर्चीची कुरकुर नाही, मोठा श्वाससुद्धा नाही. बुटाचा आवाज केला म्हणून निशिगंधानं बँडवाल्यांना अनवाणी बसवलं होतं. आता त्या आवाज शोषणारा नमदा लावलेल्या खोलीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. पंखा बंद, एसी बंद. प्रज्वल एकेक नोट वाजवायचा, आणि मग नोट संपेपर्यंत बघण्यासाठी दोघांना एकमेकांचे चेहरेच काय ते होते. सुरुवातीला तिनं छताकडे बघितलं. मग भुवईनं विचारलं, 'बरी आली?' त्यानं डोळ्यांनी विचारलं, 'तुम्हीच सांगा.' नोट संपायची, दोघं एकदम श्वास सोडायचे आणि हसायचे.

जाड तारेवरची एक नोट लांबली. गेली गेली म्हणता परत थरथरत राहिली. प्रज्वलच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला, नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळू लागला. तो पुसेना. माईकला ऐकू जाईल म्हणून तो पापणीही लववेना. निशिगंधा त्या थेंबाकडे बघत होती, आणि नियम करणारीच्याच तोंडून शब्द निघून गेले–

"मला तू आवडतोस."

प्रज्वलचे डोळे केवढे तरी मोठे झाले. पण तो गप्प.

"अरे… बोल ना!"

त्यानं मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं आणि नजरेनं तार दाखवली. ती अजून थरथरत होती. निशिगंधाला वाटलं, जगात इतकी लांब नोट आजवर कुणी वाजवली नसेल. एकदाची ती विझली, तसं त्यानं नाक पुसलं.

"आता बोलू?"

"बोल रे बाबा!"

"मलाही. खूप. पण मला वाटत होतं, तुला गिटार आवडलीय."

"गिटार," निशिगंधा म्हणाली, "साधारणच आहे."

स्पीकर खरखरला. "टेक खराब झाला," शेखर सर म्हणाले. "पुसू का?"

"खबरदार!" दोघं एकदम ओरडले.

"बरं. तुमच्याकडे पाठवतो." सरांचा आवाज आज पहिल्यांदा गोड नव्हता, हसरा होता. "पुढची नोट घ्या."

प्रज्वलनं शर्टाच्या बाहीनं कपाळ टिपलं, बोट उचललं आणि पुन्हा नेमक्या चुकीच्या जागी ठेवलं.