दगडावरचे तीन ओरखडे

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली, तसा शेजारच्या सीटवरचा तरुण उठला आणि मालविकाला म्हणाला, "मॅडम, एवढं पोतं बघता का? चहा घेऊन येतो."

लातूरपासून तो एक शब्द बोलला नव्हता. पायाशी दोरीनं आवळलेलं पोतं, आणि खड्डा आला की आतून खडखड. चाकूर गेल्यापासून मालविकाचे कान त्या खडखडीवरच होते. तिनं अशी मान हलवली, की हो म्हटलं की नाही ते कुणाला कळू नये.

तो उतरला. तिनं खिडकीतून तो टपरीपाशी पोचल्याची खात्री करून घेतली, वाकली, आणि दोरी जराशी सरकवली.

आतून एक मुलगा तिच्याकडे बघत होता. चष्मा, टाय, कोवळी मिसरूड... काळ्या दगडावर. त्याच्याखाली एक मुलगी. तिच्याखाली आणखी कुणीतरी.

मालविकानं दोरी घाईनं पुन्हा आवळली. एवढ्या तरुण मुलांचे दगड?

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात दोन कप होते.

"मी अनोळखी माणसाकडून चहा घेत नाही," ती म्हणाली.

"बरोबर आहे." तो शांतपणे बसला. "मग दोन्ही मीच पितो. पण पोतं उघडून बघितलंत ते बरं केलं."

"मी नाही उघडलं."

"गाठ डावीकडं होती मॅडम."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. लोहा येईपर्यंत तिला राहवेना. "ही मुलं... गेली कशानं?"

त्याला ठसका लागला. "गेली न्हाईत हो. पास झालीत. डॉक्टर होऊन राहिलीत सगळी. लातूरच्या एका क्लासवाल्यानं सत्काराला बनवून घेतली. तीन जणांचे मार्क चुकले, आता परत नांदेडला नेऊन दुसरे करायचे."

"दगडावर फोटो?"

"कागदावर छापायचा. तो कागद दगडावर उताणा न्हाई, पालथा ठेवायचा आन् तापवायचा. शाईची वाफ होते, दगडात उतरते."

"कापरासारखी," ती बोलून गेली. "मधे पाणी न होता."

"हाव. मॅडम, तुम्ही शिकवता का कुठं?"

कुठं शिकवते हे बसमधल्या माणसाला कशाला सांगायचं? पण त्याची नजर तिच्या बोटावरच्या मार्करच्या निळ्या डागावर गेली होती आणि तो गालातल्या गालात हसत होता. नांदेडला उतरताना त्यानं कार्ड दिलं. राघवेंद्र, श्रीनगर, दगड-कप-टाइलवर फोटो. तिनं ते पर्समध्ये टाकलं. पत्ता खरा आहे की नाही, हे कधीतरी बघायला हवं.

बघायची वेळ पंधरा दिवसांत आली.

अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, लातुरात शेवटी स्वतःचं घर बांधलं होतं. माघातल्या रविवारी वास्तुशांत होती. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, ती आणि अण्णा जुन्या गावाच्या जागेवर गेले होते. भूकंपानंतर गाव दुसरीकडे बसलं, जुन्या जागी नुसती बाभळी आणि ढिगारे. अण्णांनी त्यांच्या घराच्या ढिगाऱ्यातून एक दगड उचलला, जाडजूड शब्दकोशाएवढा. "हा नव्या भिंतीत बसवू," एवढंच म्हणाले. भूकंपाच्या त्या पहाटे दीड वर्षाच्या मालविकाला त्यांनी बाहेर काढलं होतं. आई आतच राहिली होती.

आईचा एकच फोटो होता. उदगीरला मामाकडे होता म्हणून वाचलेला. तो फोटो त्या दगडावर उतरला तर... अण्णांना न सांगता? "स्वच्छ करून आणते," एवढंच सांगून तिनं दगड आपल्याबरोबर नांदेडला आणला.

राघवेंद्रच्या दुकानात शिरताना तिनं सवयीनं आधी छत बघितलं, मग भिंतींचे कोपरे. कुठंही शिरता-निघताना ती हे करायची.

"स्लॅब आहे मॅडम. पक्का," आतून आवाज आला. "चहा सांगू की अजून अनोळखीच आहे मी?"

"अनोळखीच."

फोटो तिनं हातातून सोडला नाही. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं स्कॅन केला, तिनं लगेच परत घेऊन पाकिटात ठेवला. पण दगडाचं तसं होईना. आधी कटिंगवाल्याकडून एक बाजू सपाट करून आणायची, मग पांढरा लेप, मग तो भट्टीत पक्का करायचा. लेपाशिवाय दगड शाई धरत नाही. आठ दिवस.

"हाच दगड परत मिळेल ना?"

"दुसरा कशाला देईन? दगडाला काय तोटा हाय का आपल्याकडं?"

त्याच तर गोष्टीची तिला भीती होती. काळे दगड सगळे सारखेच. कापताना फुटला, तर हा माणूस दुसरा उचलून देईल आणि तिला कळणारही नाही. अण्णा भिंतीत भलताच दगड बसवतील. जन्मभर त्याला हात लावून नमस्कार करतील.

तो पावती करायला वळला तशी तिनं पर्समधून कर्कटक काढलं आणि दगडाच्या सपाट बाजूवर, कोपऱ्यात, तीन बारीक ओरखडे ओढले.

मग रोज फोन.

"दगड कसा आहे?"

"बरा हाय. जेवला. तुमची आठवण काढून राहिला."

"मी गंमत करत नाहीये."

"मी पण न्हाई," तो म्हणायचा, आणि दोघांपैकी कुणीच आधी फोन ठेवायचं नाही. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच संशय यायचा. रोज नक्की दगडासाठीच फोन करते ना मी?

शुक्रवारी संध्याकाळी ती गेली. टेबलावर छापलेला कागद होता. आईची लाल साडी त्यावर फिकट विटकरी, चेहरा राखेसारखा. आणि तीळ... आईचा तीळ उजव्या गालावर. इथे डाव्या.

"ही माझी आई नाही."

त्यानं भिंतीवरचा छोटा आरसा काढून कागदासमोर धरला. आरशात तीळ उजवीकडे गेला. "पालथा पडणार म्हणून उलटा छापायचा. रंग तापल्यावर उघडतो. एवढं तरी मानाल?"

तिनं मानलं. मग दगड हातात घेतला. एका बाजूला पांढरा, गुळगुळीत लेप. दुसरी बाजू खडबडीत. तिनं उलटा केला, सुलटा केला, कोपरा न् कोपरा बोटानं चाचपला. ओरखडे कुठंच नव्हते.

"हा दगड माझा नाही."

"तुमचाच हाय."

"मी खूण केली होती. ती नाही यावर."

राघवेंद्रची नजर नकळत गल्ल्यामागच्या देवाच्या फळीकडे गेली आणि चटकन परत आली. मालविकाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय आहे तिथं?"

"काही न्हाई."

"फुटला ना? खरं सांगा. परवा अण्णा तो भिंतीत बसवणार आहेत. माझ्या आईच्या घरचं एवढंच उरलंय." त्याचा चेहरा उतरला.

तो उठला. फळीवरून, उदबत्तीच्या घराशेजारून, कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. बोटभर जाडीची दगडाची चकती होती. कोपऱ्यात तीन ओरखडे.

"खूण केलेली बाजू कापली मी," तो खाली बघत म्हणाला. "कटिंगवाला म्हणत होता, ही बाजू सपाट हाय, हिच्यावरच लेप मारू, दुसरी कापून टाकू. मी न्हाई म्हटलं. बघा दुसरी बाजू."

त्यानं दगड पालथा करून दिव्याखाली धरला. खडबडीत अंगावर, खाचांत, काहीतरी फिकट निळसर होतं. तिला ते मातीचं वाटलं होतं.

"चुना हाय. नीळ घातलेला. भिंतीची आतली बाजू असंल ही. तुमच्या आईनंच पोतारा फिरवला असंल एखाद्या दिवाळीला... ते कसं कापू मी?"

मग त्यानं चकती दगडाला टेकवली. दगडातली पांढरी शीर इकडून निघून तिकडे सरळ चालत गेली, कुठंही न अडखळता.

मालविकानं त्या निळ्या खाचेवर बोट ठेवलं. प्रत्येक भिंतीची चीर शोधणारी ती... आणि आपल्याच घराचा रंग तिला दिसला नव्हता.

"तुम्ही ओरखडे काढलेलं कळलं होतं मला," तो म्हणाला. "मागं आरसा हाय ना. लई हसू आलं. मग वाटलं, एवढं जपणारं माणूस..." तो थांबला. "कटिंगवाला चकती फेकून देत होता. मी मागून घेतली. विचारून घ्यायला पाहिजे होती."

तिनं दगड त्याच्यापुढे सरकवला. त्यानं कागद लेपावर पालथा घातला, चिकटपट्टीनं कडा बसवल्या, दगड मशीनमध्ये ठेवून दांडा ओढला. दुकानात हळूहळू ऊब पसरली.

"किती वेळ?"

"आठ-दहा मिनिटं."

"चहा सांगा मग," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं. "दोन?"

"दोन."

चहा संपता संपता मशीन वाजलं. "कागद तुम्हीच काढा," तो म्हणाला आणि हातमोजा तिला दिला. तिनं कडा उचलली. आधी लाल साडी आली, गडद, ओल्या कुंकवासारखी. मग हनुवटी, मग उजव्या गालावरचा तीळ. मग डोळे. फोटोत इतकी वर्षं ते नुसते काळे ठिपके होते. आता ते तिच्याकडे बघत होते.

बराच वेळ ती तशीच उभी राहिली. राघवेंद्र दाराशी जाऊन पाठमोरा, रस्त्याकडे बघत थांबला. त्यानं बघितलं नाही, हे तिनं बघितलं.

दगड गार झाला, गुंडाळला. मग त्यानं ती चकती पुढे केली. "ही पण तुमची."

मालविकानं ती घेतली. पर्समधून कर्कटक काढलं आणि तीन ओरखड्यांशेजारी, त्याच्या समोर, सावकाश चौथा ओढला.

"आता ही कशाची खूण?" त्यानं विचारलं.

"सांभाळा." तिनं चकती त्याच्या हातात ठेवली. बोटं निघायला जरा उशीर झाला... दोघांचीही. "रविवारी वास्तुशांतीला येताना घेऊन या. हीच आहे का, ते मी तपासणार आहे."

"आन् त्यानंतर?"

"त्यानंतरही," मालविका म्हणाली, आणि त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना छताकडे बघायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.