झेंडा तळ्याच्या काठावर

गोल्फ क्लबच्या समितीतल्या साहेबांनो, सातव्या होलचा झेंडा तळ्याला खेटून रोवायची अक्कल कुणाची? फोटो छान येतो म्हणून? नवख्या माणसांचे चेंडू तिथे टपाटप बुडतात, ते तुमच्यापैकी कुणी कधी काठावर उभं राहून पाहिलंय? मास्तरीण पाहते. गोल्फ शिकवायचं सोडून अर्धा रविवार ती जाळीनं चेंडूच काढत असते.

अशीच ती एकदा वाकलेली, आणि धप्प! चेंडू अगदी शेजारी पडला. चिखल थेट कपाळापर्यंत.

"डोळे आहेत का?" ती कडाडली.

वर उभा होता एक दातांचा डॉक्टर. हातात काठी, चेहरा रडवेला. "आहेत... पण झेंडाच दिसत होता. तुम्ही आत्ता दिसलात."

"आणि आता?"

"आता झेंडा दिसत नाहीये."

निर्लज्ज! पण हसू आलंच तिला. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिच्याकडे नाव घातलं. समितीचा नियम ठरलेला – दहा रविवार तिच्याकडे, मग पुढचं शिकवणाऱ्या थोरल्या सरांकडे.

"हे तीन फटक्यांचं होल, तिसऱ्या फटक्याला चेंडू खड्ड्यात," तिनं सांगितलं. "नवशिक्यानं झेंड्याकडे बघायचंच नाही. डावीकडे मोकळं गवत आहे, तिकडे मारा. चार फटके लागले तरी बुडण्यापेक्षा बरे. हात बसला की ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, मधोमध, आणि मनाला वाटते त्याहून एक नंबर लांब मारणारी काठी घ्या. झेंड्यावर नेम धरायचा तो मुरलेल्यानं. तोही रोज नाही."

"म्हणजे जे हवंय, त्याच्याकडे बघायचंच नाही?"

तो तिच्याकडेच बघत होता. ती काठीकडे बघू लागली. "हात बसेपर्यंत... नाही."

मेल्यानं ऐकलं. नको तितकं ऐकलं! चेंडू बुडायचे थांबले. पाचव्या रविवारी गवतावर, आठव्या रविवारी ग्रीनवर. पण शिकवणी संपली की दर वेळी तेच – "चहाला येता?... म्हणजे, सगळेच चला ना!"

सगळेच म्हणजे गवत कापणारे काका, थोरले सर आणि तिला न्यायला आलेली तिची ताई. टेबलाच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला ही, आणि मध्ये काका आपल्या गुडघ्याची कहाणी सांगतायत. घरी जाताना ताई म्हणाली, "अगं, हा माणूस तुझ्यावर मरतो की काकांच्या गुडघ्यावर?"

दहावा रविवार उजाडला. त्यानं मधोमध मारला, दोनदा हलकेच ढकलला आणि चेंडू खड्ड्यात. बरोबर तीन!

"जमलं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून थोरल्या सरांकडे जा."

त्याचा चेहरा पडला. "मग आज चहाला... सगळेच–"

तिनं काठी गवतावर आदळली. "पुन्हा सगळेच?"

"तुम्हीच म्हणालात ना! या बाबतीत मी अजून मुरलेला नाही. म्हणून... मधोमध मारत होतो."

"मधोमध काका बसलेत!"

वाऱ्यानं झेंडा फडफडला.

"अहो, ते गोल्फपुरतं होतं," ती हळूच म्हणाली.

"आणि पाण्यात गेला तर?"

"पहिल्या दिवसापासून तुमचे चेंडू कोण काढतंय?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "चहाला... तुम्ही. फक्त तुम्ही. मला तुम्ही आवडता. तळ्यात चिखलानं माखलेल्या होतात ना, तेव्हापासून."

लांबून काकांची हाक आली, "काय डॉक्टर, चहा कधी?"

"काका, आज नाही!" ती ओरडली. डोळे भरलेले, आवाज मात्र भांडणाचा. तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"आणि तुम्ही! दहा रविवार! दहा! एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं? उत्तर द्या."