आडात सोडलेली तार

खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. मला कुणाची शाबासकी नको. पण ज्या घरात हे झालं, ती रत्नाबाई माझी पाठची सख्खी बहीण आहे. आमच्या बापानं आम्हाला शाळेत फार दिवस ठेवलं नाही, पण खोटं बोलायलाही शिकवलं नाही.

गेल्या वर्षीचा श्रावण. पर्युषण तोंडावर आलेलं. गाव शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, पंचगंगेच्या काठाला. नाव लिहीत नाही. त्या घरात अजून माणसं राहतात...

आता रत्नाबाई कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, ही आमची रीत. बाकीची घरं कधी पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं करतात. रत्नाबाई नाही. तिच्या घरात दिवस मावळला की गॅस पुसलेला, भांडी पालथी, आणि पाण्याचा घोटसुद्धा बंद. पोरगं तापानं फणफणलं होतं तेव्हाही तिनं चूल पेटवली नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, रत्नाबाईची चूल विझलेली बघूनच सूर्य मावळतो. तिला ते आवडायचं. का आवडू नये?

तिचे मालक नेमगोंडा. फौंड्रीत जन्म गेला, रिटायर झाले, आणि दिवसभर बायकोच्या पायात पायात घुटमळायला लागले. म्हणून पुण्याहून पोरानं, वृषभनं, बापासाठी एक खोकं धाडलं. रेडिओचा किट. शॉर्टवेव्हचा. लांबलांबची परदेशी स्टेशनं लागतात म्हणे. फक्त तो आपला आपण जोडायचा.

"सुटे भाग धाडलेत," रत्नाबाई म्हणाली. "दिवाळीला डाळ आन् साखर येगळी धाडंल, आन् म्हणंल, आव्वा, पुरणपोळी खा."

"तुला न्हाय कळायचं त्यातलं," नेमगोंडा म्हणाले.

"कळाय कशाला पायजे? वास येतोय की."

वास खरंच घाण होता. सोल्डरिंग करताना राळ जळायची आणि तो धूर दह्यात, दुधात, पांघरुणात जाऊन बसायचा. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर ते तांब्याची बारीक तार गुंडाळत बसायचे. एक दिवस आमटीत त्या तारेचा तुकडा निघाला. लांब केसासारखा. रत्नाबाईनं सगळी आमटी ओतली आणि दोन दिवस नवऱ्याशी शब्द काढला नाही.

पण रेडिओ लागला.

गच्चीवरून नारळाच्या झाडाला एरियलची तार बांधली, कानाला हेडफोन चढवले, आणि म्हातारा पोरासारखा हसला. कुणी अरबी बोलत होतं, कुणी चिनी. मध्येच शिट्ट्या. पण सगळ्यावर गिरणीच्या पट्ट्यागत एक घरघर होती.

वृषभनं फोनवर सांगितलं, "अण्णा, अर्थिंग पायजे त्याला. एक तार जमिनीत सोडा. कायम ओल असंल अशी जागा बघा."

कायम ओल म्हटल्यावर नेमगोंडांना आठवला... घरामागच्या परड्यातला आड.

त्या आडाचं सांगायला पाहिजे.

आमच्यात पाणी गाळून प्यायची रीत. गाळलं की फडकं झटकून टाकायचं नाही. ते उलटं धरायचं, वरून पाणी सोडायचं, आणि त्यात अडकलेले बारीक जीव जिथलं पाणी तिथं अलगद परत सोडायचे. रत्नाबाईच्या सासूनं, सासूच्या सासूनं, सगळ्यांनी त्या आडात असे जीव परत सोडलेले. किती पिढ्या, कुणास ठाऊक.

मग तो मोठा महापूर आला. पाणी उतरलं तेव्हा आडात कुणाच्या गोठ्यातलं काय काय येऊन पडलं होतं. फुगलेलं, सोललेलं. वास असा की परड्यात उभं राहवेना. उपसायला कोण उतरणार? नळ तर दारात आलेला. वरून सिमेंटचा स्लॅब ओतला आणि मोकळे झाले. पाणी गाळायची रीत राहिली, पण फडकं आता मोरीत धुतलं जायचं.

स्लॅबच्या कोपऱ्याला एक चीर होती. नेमगोंडांनी तांब्याच्या तारेला लोखंडी नट बांधला आणि त्या चिरीतून खाली सोडला.

रत्नाबाई मागच्या दारात उभी होती. तिनं बघितलं.

तार जात राहिली... जात राहिली...

पाण्याचा आवाज आलाच नाही.

मग तार त्यांच्या हातातून जराशी ओढली गेली. म्हशीच्या तोंडापुढं वैरणीची पेंढी धरल्यावर ती ओढते, तशी.

"अडकली कशात तरी," नेमगोंडा म्हणाले.

त्या संध्याकाळी रेडिओची घरघर थांबली. एकदम थांबली. जेवणं झाली होती, दिवस बुडाला होता. हेडफोन लावून म्हातारा डोळे मिटून बसला. बराच वेळ हलला नाही.

"काय बोलत्यात?" रत्नाबाईनं विचारलं.

"बोलत न्हाईत."

"मग?"

"जेवत्यात."

ती हसली. म्हणाली, "कुठल्या देशात रेडिओवर जेवत्यात? आन् पैसं देऊन ऐकतंय कोण, तर तुम्ही."

नेमगोंडा हसले नाहीत. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता...

दुसऱ्या दिवशी ताटात निम्मी भाकरी उरली. तिसऱ्या दिवशी ते ताटावर बसलेच नाहीत.

"पोट भरलंय," म्हणाले.

"कशानं?"

"भरलंय म्हणतोय की."

रत्नाबाईला वाटलं, फौंड्रीतल्या जुन्या दोस्तांच्या नादानं म्हातारा एमआयडीसीच्या गाड्यांवर चरायला लागला. आणि तिच्या हातचं कुणी नाकारलं, हा अपमान तिला सोसण्यासारखा नव्हता. "कुठं गिळून येतासा?" असं तिनं तोंडावर विचारलं. म्हाताऱ्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं...

आणि ती दोन पावलं मागं सरली.

तो वास तिनं याआधी एकदाच घेतला होता. महापूर उतरला तेव्हा.

सकाळी त्यांनी चूळ भरली. मोरीत काहीतरी पडलं. तिनं वाकून बघितलं. पांढरट दोरे होते, बुळबुळीत. तिनं तांब्यावर तांब्या पाणी ओतलं, पण ते फरशीला चिकटून बसले होते. खराट्यानं खरवडावे लागले. तो खराटा तिनं जाळला.

पोट वाढत चाललं होतं. हातपाय काड्या, आणि मध्ये ते ताणलेलं पोट. चेहऱ्यावर तेलकट तुकतुकी. घरातलं अन्न शिवत नव्हते, तरी ढेकर देत होते. आणि रोज, दिवस मावळला की, हेडफोन.

तिनं कोल्हापूरला डॉक्टरकडं नेलं. दुर्बीण घालून बघितलं. डॉक्टर बाहेर आले ते वैतागून.

"आजी, उपाशीपोटी आणा म्हणून सांगितलं होतं ना?"

"उपाशीच हाईत. आठवडा झाला."

"पोट गच्च आहे. मांसमच्छी आहे आत, तीसुद्धा नीट न शिजलेली. या वयात रात्रीचं असलं देऊ नका त्यांना."

बोलणारा डॉक्टर होता म्हणून वाचला. दुसरा कुणी असता तर रत्नाबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. बसमध्ये नवऱ्याशेजारी बसली नाही, पुढच्या सीटवर बसली. खिडकीबाहेर बघत राहिली. तिला दोन गोष्टी राखायच्या होत्या, नवरा आणि घराची रीत. आणि दोन्ही एकाच तोंडावाटे नासत होत्या.

पर्युषणाचा पहिला दिवस. रत्नाबाईला कडक उपवास. बस्तीत देवदर्शन करून आली, दिवस मावळला, आणि आतल्या खोलीत म्हातारा त्या खोक्यापुढं बसलेलाच.

तिनं हेडफोन हिसकले आणि स्वतःच्या कानाला लावले.

आधी काहीच नाही.

मग... चप.

चप... चप.

ओलं. सावकाश. जणू तिच्या कानातच कुणी तोंड घातलं होतं. मग दुसरं तोंड. मग कितीतरी. बारीक, इवलीइवली, हजारानं तोंडं. मधूनच एखादं मोठं. काहीतरी मऊ फाटत होतं. काहीतरी कुडकुडत होतं. कुणी श्वास घेत नव्हतं. खाताना माणूस श्वास घेतो, जनावर घेतं. इथं नुसतं खाणं होतं.

मग एकदम सगळं थांबलं.

जसं नवीन माणूस पंगतीत आलं की सगळे मान वर करून बघतात...

आणि तिनं गिळलं.

तोंडात काही नव्हतं. तरी गळ्यावरून काहीतरी गार, गुळगुळीत खाली गेलं. ती मोरीकडं धावली. सकाळपासून पाण्याचा घोट नसलेल्या पोटातून जे बाहेर पडलं ते तिनं मला सांगितलंय. मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की त्यात शिजलेलं काही नव्हतं. आणि त्यातलं थोडं हलत होतं.

तिचा उपवास मोडला होता. दिवस मावळल्यावर. तिच्याच घरात.

तोंडसुद्धा न धुता तिनं पकड उचलली आणि परड्यात गेली. चिरीतून वर आलेली तार ताणलेली होती. ओढून बघितली. खालून कुणी तरी धरून ठेवल्यागत. मग तिनं पकड लावली आणि तार तोडली.

तुटलेलं टोक खाली पडलं नाही.

ते चिरीत ओढलं गेलं... सुरर्र... ताटातली लांब शेवई पोरं तोंडानं ओढतात, अगदी तसं.

रेडिओ तिनं बत्त्यानं ठेचला आणि भंगारवाल्याला दिला. नेमगोंडांनी अडवलं नाही. दोन दिवस नुसते पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाले, "रत्ना, भूक लागलीया."

तिनं त्या दिवशी मला फोन केला. आवाजात काय तोरा होता. "अक्का, पाच भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या हातच्या. वर भात."

मीही देवाला हात जोडले.

पण महिन्याभरानं मी भेटायला गेले आणि दारातच थबकले. पोट गेलं होतं. पण त्याबरोबर बाकीचंही गेलं होतं. सदऱ्यात माणूस नव्हता, खुंटी होती.

"जेवत न्हाईत का?" मी विचारलं.

"तूच बघ," रत्नाबाई म्हणाली.

दिवस मावळायला थोडा वेळ होता. ते जेवायला बसले. भाकरीवर भाकरी, वाटीवर वाटी. वर बघत नव्हते. मी मागच्या दाराजवळ बसले होते, आणि मला परड्यातून आवाज आला.

चप... चप.

त्यांनी पाणी प्यायला घास थांबवला. परड्यातला आवाज थांबला. त्यांनी घास घेतला. आवाज सुरू झाला.

मी रत्नाबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. भाकरी थापत होती.

"कितीबी घाला, अंगाला लागत न्हाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "ह्ये नुसतं चावत्यात, अक्का. गिळणारं दुसरंच हाय."

"स्लॅब फोड की मग."

"फोडून? आडातल्यांस्नी वर घेऊ?"

ताट संपलं. बाहेर दिवस बुडाला. रत्नाबाईनं सवयीनं गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला, परात पालथी घातली.

नेमगोंडांचे ओठ मिटलेले होते. जबडा थांबलेला होता.

परड्यातला आवाज थांबला नाही.

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं. कपाळावर घाम आला. मी समोर बसून बघत होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा गाल आत गेला, थोडा... आणखी थोडा...

"रत्ना," ते म्हणाले. "वाढ गं. काय बी वाढ. लवकर."

माझी बहीण खिडकीतून पश्चिमेकडं बघत राहिली. तिकडं काही उरलं नव्हतं. मग तिनं परात सुलटी केली, पीठ घेतलं आणि गॅस पेटवला.

मी चपला घातल्या आणि मला घेऊन आलेल्या पुतण्याला गाडी काढायला सांगितली. रत्नाबाई मला थांब म्हणाली नाही.

आता त्या घरात दिवे लागले तरी भाकरी थापल्याचा आवाज येत असतो. तिच्या गावातल्या बायका माझ्या दारात येऊन विचारतात, तुमच्या बहिणीनं रीत कशी काय मोडली? मी त्यांना हाकलून लावते.

परवा अंधार पडल्यावर तिचा फोन आला. मी विचारलं, "कसे हाईत?"

"थांब," ती म्हणाली. "जेवत्यात."

तिच्या मागं चावण्याचा आवाज येत होता. एका माणसाचा नव्हता. मी फोन कानापासून लांब धरला. तरी ऐकू येत होतं, म्हणून बंद केला.

तेव्हापासून दिवस मावळल्यावर तिचा फोन आला की मी उचलत नाही. ती रोज करते. मी वाजू देते.