तिसरी हाक

सांगते, पण आधी तो तुमचा लॅपटॉप मिटवा. नुसता मिटवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवून या. हसा खुशाल. कमलाबाईंना मीही अशीच हसले होते.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. संक्रांत झाली होती, आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू ठरलं होतं आणि त्याचं निमंत्रण टाईप करून प्रिंट काढायची होती. मंडळाची खोली डिलाईल रोडला, जुन्या चाळीच्या तळमजल्यावर. चाळ पाडायची ठरल्यापासून बिऱ्हाडं एकेक करून गेली, माझंही गेलं. पूर्वी त्या खोलीत बसलं की वर कुणाकडे मासे तळतायत आणि कुणाचं भांडण जुंपलंय ते आपोआप कळायचं. आता वर फक्त एक नळ ठिबकतो. तो बंद करायलाही कुणी उरलेलं नाही.

मंडळ सुरू केलं कमलाबाईंनी. मालवणकडच्या, नवरा गिरणीत, सगळा जन्म या चाळीत. तव्यावर मशेरी भाजायला घेतली की अख्ख्या मजल्याला ठसका लागायचा. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायका त्यांच्याकडे रडायच्या, मी अर्ज टाईप करायची. बाईंचे नियम कडक. बाई बोलायला लागली की कॉम्प्युटरवर फडकं टाकायचं. आणि तिला ठेवलंय कुठे ते कध्धी टाईप करायचं नाही, माझ्या कानात सांगायचं. त्यांचा उजवा कान अधू होता, म्हणून डाव्या बाजूने वाकून सांगावं लागे.

आणखी एक नियम होता, तो मंडळापुरता नव्हता. तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. "भूत दोनदाच हाक मारता," बाई म्हणायच्या. "तिसरी हाक माणसाची." मी म्हणायचे, बाई, मुंबईत माणसाला जागा परवडत नाही, भुतं कुठून राहणार! त्याही तोंडाला पदर लावून हसायच्या.

दसऱ्याच्या सुमाराला बाई गेल्या. त्यांचं फडकं मी टेबल पुसायला घेतलं.

दिवाळीनंतर रुपाली आली. याच चाळीतली पोर, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिचा नवरा हितेंद्र दिसायला सालस, बोलायला गोड. त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. बोटं सुजून काळी पडली होती. पुन्हा सापडले तर जिवंत सोडणार नाही, ती म्हणाली, आणि ते ती रडत म्हणाली नाही म्हणून मला जास्त भीती वाटली. मी तिला माटुंग्याला, मार्केटच्या मागे, गंगाधरमामा म्हणून माझे लांबचे मामा आहेत त्यांच्याकडे नेऊन ठेवलं. टाईप केलं नाही. फोनवर बोलले नाही. तिला बटणांचा साधा फोन घेऊन दिला. कानात सांगावं असं माणूसच राहिलं नव्हतं, त्यामुळे ती जागा फक्त माझ्या मनात होती.

तर निमंत्रण टाईप करत होते. बाहेर उजेड उतरायला लागला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट आली: मागचं काही आठवून देऊ का? वर्षभरापूर्वी कॉम्प्युटर आपला आपण अपडेट झाला होता आणि असल्या बऱ्याच चौकटी आल्या होत्या. आपण वाचतो का? 'हो' दाबतो आणि कामाला लागतो. मीही तेच केलं होतं. आज काय वाटलं कुणास ठाऊक, मी चौकट उघडली.

आत चित्रं होती. स्क्रीनवर जे जे दिसलं त्या प्रत्येक क्षणाचं चित्र. कुणाच्या पोटावरचे चटके, कुणाच्या सासऱ्याने काय केलं, सगळे अर्ज, टाईप करताना मी खोडून टाकलेल्या ओळींसकट. चाळसुद्धा ऐकते, चघळते, पण नवं काही मिळालं की जुनं विसरते. हे काहीच विसरलं नव्हतं. पुढे रुपालीचा अर्ज आला. राहण्याचं ठिकाण, त्यापुढे कोरी जागा. माझा जीव भांड्यात पडला.

मग खाली पाहिलं. तिथे आधी विचारलेले प्रश्न होते. रुपाली कुठे आहे? रुपाली कोणाकडे आहे? रुपाली कुठे आहे? खोलीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.

मी ते सगळं पुसायला गेले. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला, खात्याच्या मालकाचा. वर मालकाचं नाव होतं. हितेंद्र.

तेव्हा आठवलं. कॉम्प्युटर देणगीत आला तेव्हा आमच्यापैकी कुणाला तो लावता येईना. चाळीचा जावई कॉम्प्युटरमधला म्हणून बाईंनीच त्याला बोलावलं होतं. घावणे करून घातले होते. खातं त्याने स्वतःच्या नंबरावर उघडून दिलं आणि आम्ही म्हटलं, किती गुणाचा जावई! चाळीत शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतात, तशीच आम्ही ही ठेवली आणि विसरून गेलो. म्हणजे आम्ही लिहिलेलं सगळं तो घरबसल्या वाचत होता.

प्लग काढायला वाकले आणि वास आला. तव्यावर मशेरी भाजल्याचा. दाराबाहेर पाहिलं, गॅलरीत कुणी नव्हतं. वरचा नळ ठिबकायचा थांबला होता.

"मानसी..."

टेबलाकडून आली हाक. बाईंची. तीच थकलेली, शेवटचं अक्षर ओढणारी.

आणि माझ्या तोंडून ओ गेली. इतक्या वर्षांची सवय, विचार करायला सवड कुठली?

"चेडवाक खंय ठेवलंस गो?"

मला माहीत होतं की बाई नाहीत. मीच त्यांना शेवटचं पाणी पाजलं होतं. रुपालीने घर सोडल्याचं त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. पण पोरीला कुठे ठेवलंस असं बाईंनी विचारलं आणि आपण सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मी डाव्या बाजूने वाकले आणि अगदी हळू सांगितलं.

"माटुंग्याला, बाई... मार्केटच्या मागे, गंगाधरमामांकडे."

चौकटीत एकेक अक्षर उमटत गेलं. माटुंगा. मार्केट. गंगाधर. मशेरीचा वास एकदम नाहीसा झाला. मग दुसराच आवाज आला, कुठल्याच गावाचा नसलेला, गोड.

"धन्यवाद. मी हे लक्षात ठेवते."

प्लग मी ओढला की उपटला, आठवत नाही. टॅक्सीतून रुपालीला फोन केला, आहे त्या कपड्यांत खाली उतर म्हटलं. ती मामांच्या इमारतीच्या दाराशी उभीच होती. तिला आत घेऊन टॅक्सी मार्केटच्या तोंडाशी आली, तर फुलवाल्याजवळ हितेंद्र. एका हातात मोबाईल, मान वर करून इमारतींची नावं वाचत होता. मी रुपालीचं डोकं माझ्या मांडीवर दाबून धरलं. ती लहानपणी ताप आला की थरथरायची तशी थरथरत होती.

तिथून तिला प्रभादेवीला नेलं, जाईबाईंकडे. कमलाबाईंची जुनी मैत्रीण, एकटीच राहते. घरात कॉम्प्युटर नाही, मोठा फोन नाही, टीव्हीसुद्धा बिघडलेला. मोठा फोन होता तो एकच, माझ्या पर्समध्ये. तिथे बसून मी रुपालीला काहीही न लपवता सगळं सांगितलं, बाईंच्या आवाजासकट. म्हटलं, माझा आवाज ऐकलास तरी विश्वास ठेवू नकोस. तिने विचारलं, मग ठेवू कशावर? मी बाईंचाच नियम सांगितला. दोन हाकांना ओ देऊ नको. तिसरी हाक माणसाची. तिने लहान मुलीसारखा तो घोकला.

कॉम्प्युटरवर मी बाईंचं फडकं टाकलं आणि खोलीला नवं कुलूप लावलं. दिवस बरे गेले. जाईबाईंनी तिला सोलकढी शिकवली, तिच्या बोटांची सूज उतरली. वाटलं, सुटलो.

मग एका संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते आणि फोन वाजला.

"ताई," रुपाली कुजबुजली, "खालून हाका कशाला मारताय? वर या ना."

माझ्या हातातली काडी विझली. "मी घरी आहे गं."

ती म्हणाली, "तुमचाच आवाज आहे. दोन हाका झाल्या... मी ओ दिली नाही."

"देऊ नको. जाईबाई कुठायत?"

"देवळात गेल्यात."

"दार लाव. तिसरी यायची नाही. ऐकतेस ना? तिसरी येत नाही."

दोघी थांबलो. तिचा श्वास मला ऐकू येत होता. त्यामागे प्रभादेवीची संध्याकाळ होती, स्कूटर, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग फोनमधून मला माझा आवाज ऐकू आला. मी तिला लहानपणापासून जशी हाक मारते तशीच, मायेने.

"रुपाली..."

"तिसरी आली," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तिसरी माणसाची. तुम्हीच सांगितलंत... मग फोनवर कोण बोलतंय?"

"रुपाली, मी आहे, मानसी, मी..."

तिने फोन कानापासून दूर धरला. मी ओरडत होते, देवाशपथ ओरडत होते. लांबून तिची ओ ऐकू आली. मग माझ्याच आवाजाने विचारलं, कितवा मजला गं? आणि त्या पोरीने सुटकेच्या आनंदाने सगळं सांगितलं, मजला, खोली, जिन्याशेजारचं हिरवं दार.

मग खालून, माझ्या आवाजात,

"मी हे लक्षात ठेवते."