गजाभाऊंची प्रतिकृती

मिरजेच्या वाचनविज्ञान प्रयोगशाळेतलं यंत्र तीन दिवस गुण द्यायला तयार नव्हतं. त्याच्यापुढे तीनशे तेरा कादंबऱ्या ठेवल्या होत्या. प्रत्येक कादंबरी त्यानं चार मिनिटांत वाचली आणि प्रत्येकीखाली एकच शेरा मारला, ‘अजून कच्ची आहे.’ शेऱ्याला शंकांची यादी जोडलेली होती. काही याद्या तर कादंबरीपेक्षा लांब होत्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इरावती निमकर स्वभावानं शांत होत्या, पण समोर ऋत्विज सबनीस बसले होते. सबनीस महापर्ण प्रकाशन समूहाचे व्यवस्थापक. महापर्ण महिन्याला तीनशेच्या वर कादंबऱ्या काढी. त्या छापण्याआधी कुणी वाचतं का, हे तिथं कुणी विचारत नसे, कारण विचारणाऱ्याच्याच गळ्यात ते काम पडलं असतं. तीनशे तेरांपैकी तीनशे बारा कादंबऱ्या महापर्णच्या होत्या.

उरलेली एक सांगलीच्या ओंजळ प्रकाशनाची होती. दोन खोल्यांचं हे प्रकाशन वर्षाला जेमतेम एक कादंबरी काढी आणि ती राज्यभरच्या ग्रंथालयांतच खपे. ग्रंथालयांनी या वर्षापासून यंत्राचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं होतं, आणि त्यांची यादी परवा बंद होणार होती. यादी चुकली तर ओंजळला टाळं लागणार हे उघड होतं. म्हणून ओंजळच्या मालकीण मंदाकिनी दप्तरदार सकाळीच येऊन बसल्या होत्या. आटपाडीच्या परिचारिका नर्मदा केंगार यांच्या या पहिल्या कादंबरीवर त्यांनी चार वर्षं घालवली होती.

“माणूस वाचतो तेव्हा त्याची नजर सरळ धावत नाही,” डॉ. निमकर समजावू लागल्या. “ती अडखळते, मागे जाते, पानावरून उठते. आमचा नेत्रलेखक चष्मा हे सगळं टिपतो. तीन महिने टिपलं की त्या माणसाची वाचक-प्रतिकृती तयार होते. ती नवं पुस्तक अगदी त्याच्यासारखं वाचते, फक्त हजारपट वेगानं.”

“मग गुण देताना कुठं अडतंय?” सबनीसांनी विचारलं.

“गुण वाचन संपल्यावर द्यायचे असतात. तिच्या मते वाचन संपलेलं नाही.”

प्रतिकृती कोणाची, हे सबनीसांनी पैसे भरताना विचारलं नव्हतं. ते त्यांना आत्ता कळलं. रोज सहा तास वाचणारा आणि हाती घेतलेलं शेवटास नेणारा वाचक हवा, अशी जाहिरात दिली होती. सबंध जिल्ह्यातून एकच अर्ज आला, गजाभाऊ खरसुंडीकरांचा. वय एकाहत्तर, ओंजळचे मुद्रितशोधक. चष्मा देताना डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, नेहमी वाचता तसंच वाचा. गजाभाऊ शब्दाला जागले. त्यांनी प्रत्येक गोष्ट तीनदा वाचली. एकदा अर्थासाठी, एकदा पात्रं नीट वागतात का ते बघण्यासाठी आणि एकदा मोठ्यानं, कानाला कशी लागते म्हणून. एका गोष्टीत नायक जतहून पहाटेची एसटी पकडतो, तर तशी गाडी आहे का, हे त्यांनी आगारात फोन करून विचारलं होतं.

त्यामुळे महापर्णच्या कादंबऱ्यांवर शंका निघाल्या त्या अशा. ‘पृष्ठ ९ वर नायिकेची आई वारली. पृष्ठ ३० वर पोहे कोणी केले?’ सबनीसांनी तो कागद उलटा ठेवला. साधा वाचक घ्या, असं त्यांनी सुचवलं. तो प्रयोगही झाला होता. साध्या वाचकांच्या प्रतिकृती दुसऱ्या पानावर थांबून उजवीकडे बघत बसत, कारण चष्मा लावलेल्या माणसांचा फोन उजव्या हाताला असे.

मंदाकिनीबाईंना एवढा वेळ मनातून गुदगुल्या होत होत्या. पण ओंजळच्या कादंबरीखालीही ‘अजून कच्ची आहे’ असंच होतं, आणि ते पाहून त्यांना चांगलंच झोंबलं. ओंजळमध्येच अकरा वाचनं झाली होती तिची. शंका मात्र एकच होती, नायिका काशीबद्दल. ‘पृष्ठ २०७. काशी रडते. मागच्या पानावर तिचं रडून झालं आहे. आता कोण रडतंय?’

शंका खरी होती. बाईंनी तिथूनच गजाभाऊंना फोन लावला. गजाभाऊ म्हणाले की त्यांना ते पहिल्याच वाचनात खटकलं होतं. पण ओंजळमध्ये हस्तलिखित लेखकाला समोर बसवून मोठ्यानं वाचायची रीत. नर्मदाबाई दोन गाड्या बदलून आल्या होत्या आणि ते पान ऐकताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. गजाभाऊंनी पान उलटलं. प्रतिकृतीनं नर्मदाबाईंना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला भीड पडायचं कारण नव्हतं. मग नर्मदाबाईंना फोन झाला. त्या म्हणाल्या, त्या तीन ओळी त्यांनाही जड वाटत होत्या, पण गजाभाऊ काही बोलले नाहीत म्हणून ठेवल्या.

तीन ओळी काढून कादंबरी पुन्हा यंत्राला दिली. चार मिनिटांनी दोन नव्या शंका आल्या. त्या निस्तरल्या, तर चार आल्या. डॉ. निमकरांचा चेहरा उतरला. मंदाकिनीबाईंना मात्र हसू आवरेना.

“हे असंच चालायचं,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षांत आम्ही तेवीस कादंबऱ्या काढल्या. गजाभाऊंच्या मते त्यांतली एकही अजून झालेली नाही.”

“मग छापता कधी?”

“मी त्यांच्या हातून कागद काढून घेते तेव्हा.”

डॉ. निमकरांच्या आता ध्यानात आलं. चष्मा गजाभाऊंच्या डोळ्यांवर होता. बाईंचा हात त्यात कुठेच आला नव्हता. यंत्रानं काळजी शिकून घेतली होती, आणि ती कुठं थांबवायची हे ज्या माणसाला ठाऊक होतं त्याची नोंदच झाली नव्हती. तुम्ही कागद नेमके केव्हा काढून घेता, असं त्यांनी वही उघडून विचारलं.

“शंका पुस्तकाला बोचायला लागल्या की. पण ते कळायला पुस्तक मलाही त्यांच्याइतकंच पाठ असावं लागतं.”

बाईंनी नव्या चार शंका वाचल्या. दोन बऱ्या होत्या, दोन ऐकल्या असत्या तर काशी अगदीच शहाणी झाली असती. त्यांनी बऱ्या दोन निस्तरल्या आणि यंत्राचं बटण बंद केलं. डॉक्टरांनी तेवढी एक अट यंत्रात घातली, की बाईंनी काढून घेतलेलं पुस्तक पुरं झालं असं समजावं. प्रमाणपत्र निघालं, कादंबरी यादीत गेली आणि ओंजळचं टाळं वर्षभर लांबलं. बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि पाणी मागितलं.

सबनीस हुशार होते. त्यांनी लगेच महापर्णच्या तीनशे बाराही काढून घ्यायची विनंती केली. बाई म्हणाल्या, काढून घेईन की, पण आधी वाचायला हव्यात. वर्षाला किती होतील, असं सबनीसांनी विचारलं. तब्येत साथ देईल तर चार, असं उत्तर आलं. सबनीसांनी मनाशी हिशेब केला, तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निघाला. दुसरा मार्ग नव्हता. ते म्हणाले, सुरू करा.

बाईंनी सगळ्यांत वरची कादंबरी उचलली. पहिलं पान उभ्यानं वाचलं, दुसऱ्याला बसल्या, तिसऱ्याला पेन्सिल मागितली. दहाव्या पानावर त्यांनी मान वर केली.

“ही रेवती चिकोडे चांगलं लिहिते. उद्या बोलवा तिला. समोर बसवून वाचायचंय.”

सबनीसांनी नोंद उघडली. पृष्ठसंख्या होती, विषय होता, मुखपृष्ठाचा रंगसुद्धा होता. लेखिकेचा फोन नंबर नव्हता. त्यांनी कचेरीत विचारलं, कचेरीनं आणखी कुठं विचारलं. ही बाई खरीच आहे ना तेवढं आधी बघा, असंही सबनीस एकदा दबक्या आवाजात म्हणाले. तासाभरानं नंबर मिळाला आणि त्यांनी स्वतः फोन लावला. कोण बोलतंय, कशाबद्दल, हे सांगून झाल्यावर पलीकडून एक बारीक आवाज आला.

“वाचलीत तुम्ही?”

सबनीसांच्या नोकरीला सोळा वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं, पण समोर बाई पेन्सिल घेऊन बसल्या होत्या.

“मी नाही वाचली,” ते म्हणाले. “पण इथं एक बाई वाचतायत. उद्या याल का?”

पलीकडे रडू फुटलं. सबनीसांनी फोनवर हात ठेवला आणि ती रडते आहे, असं बाईंना सांगितलं.

“रडू दे,” बाई पान उलटत म्हणाल्या. “पहिलं प्रकरण जाणार आहे तिचं. पण ते आत्ता सांगू नका.”