भुताची अक्षरं

कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, बळेपेटेतल्या छापखान्याच्या पायरीवर मी पाय ठेवला, तोच आतून कुणीतरी म्हणालं, "जपून. भुसा आहे, साडीला चिकटेल."

तो पिराजी. निपाणीचा. जाहिरातींसाठी लाकडातून मोठाली अक्षरं कोरायचा. अठ्ठावन्न साल होतं, मी कॉलेजात होते, आणि आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची जाहिरात माझ्या गळ्यात पडली होती.

"नाटक भुताचं आहे, पण हसवणारं," मी म्हटलं. "अक्षरं अशी हवीत की भीती वाटावी... आणि हसूही यावं."

"दोन्ही एकदम?"

"नाही जमणार?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "स्वल्प वेळ लागेल."

मग रोज दुपारी मी 'लायब्ररीत जाते' सांगून तिकडे जाऊ लागले. त्यानं कडा मुद्दाम घासल्या नाहीत. जाड, दातेरी, कुबड काढलेली अक्षरं फणसाच्या पिवळ्या लाकडातून एकेक उलटी उगवत होती.

"हा 'भ' कुणावर गेलाय?" मी विचारलं.

"रागावल्यावर तुम्ही अशाच दिसता."

"मी कधी रागावले?"

"काल. मी दोन दिवस गावी जातो म्हणालो तेव्हा."

मी खाली पाहिलं. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "सुलभाबाई, तुमच्या वडिलांना भेटायला येऊ?"

"आधी मी बोलते," मी म्हटलं. "मग या..."

जाहिरात गावभर लागली. लोक थांबून बघत, हसत. बाबा विमान कारखान्यात इंजिनिअर, कौतुकाला कंजूष. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "अक्षरं झकास आहेत. कुणाची गं?"

नाव ओठांवर आलं होतं. पण त्याच्यामागून सगळंच आलं असतं — दुपारी, लायब्ररी, त्याची जात.

"माझी," मी म्हणाले.

बाबांनी जाहिरात मुंबईला टाइप फाउंड्रीतल्या मित्राकडे धाडली. तीन महिन्यांनी पत्र आलं. छपाईसाठी ती अक्षरं शिशात ओतणार होते. टाइपाचं नाव — 'सुलभा'.

ते पत्र घेऊन मीच पिराजीकडे गेले. त्यानं दोनदा वाचलं.

"तुमचं नाव घेतलं असतं तर बाबांनी पुढचं विचारलं असतं," मी म्हटलं.

"पुढचंच तर सांगायचं होतं ना?"

"मी मुंबईला खरं कळवते. आजच."

"मुंबईचं राहू द्या. वडिलांना सांगाल? आज?"

मी साडीला चिकटलेला भुसा झटकू लागले. तो वाट बघत होता... खूप वेळ. मग त्यानं पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "सरी," एवढंच कानडीत म्हणाला, म्हणजे 'ठीक आहे', आणि पाठ फिरवून कामाला लागला.

आठवड्याभरात तो हुबळीला निघून गेला. मुंबईला मी कधीच लिहिलं नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

पासष्ट साली बाबा आजारी होते. त्यांच्या उशाशी बसून मी सगळं सांगितलं, पिराजीच्या नावासकट. ते छताकडे बघत ऐकत राहिले.

"तेव्हाच का नाही बोललीस?" ते म्हणाले. "मी चिडलो असतो चार दिवस. पण नाही म्हटलं नसतं गं."