गाठ उजवीकडे हवी

मी सिनेमात कंटिन्युइटी सांभाळते. आधीच्या शॉटमध्ये पेला अर्धा असेल तर पुढच्यातही तो अर्धाच हवा, हे बघायचं माझं काम. माझ्या पाठीमागे सगळे मला खुसपटबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या मुखवटाधारी तलवारबहाद्दराचा पहिला भाग तुफान चालला. त्यातली बुरुजावरची उडी लोकांनी डोक्यावर घेतली. ती हिरोने नव्हे, त्याच्या डुप्लिकेटने मारली होती. पहिल्याच टेकला झकास जमली होती. फक्त कमरपट्ट्याची गाठ डावीकडे होती, उजवीकडे हवी होती. मीच जाऊन त्याच्या कानात सांगितलं. त्याने हसून गाठ फिरवली, पुन्हा वर चढला आणि दुसऱ्या उडीत मेला. सिनेमात शेवटी पहिलीच उडी ठेवली. चुकलेली गाठ एकाही प्रेक्षकाला दिसली नाही.

दुसऱ्या भागात बहाद्दराला संसार आहे. बायको, सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या कामासाठी दिग्दर्शकाने त्या डुप्लिकेटचीच लेक, चिमणी, आणली. "रडवायचे कष्ट नकोत," तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी गप्प बसले, कारण मला तोंड होतं कुठे?

प्रसंग साधा होता. स्वयंपाकघरात मुखवटा घातलेला बाप येतो, मुलगी धावत जाऊन बिलगते. अकरा टेक झाले. चिमणी दर वेळी हिरोपाशी जाऊन थबकायची.

"हे माझे बाबा नाहीत."

"तुझे बाबा मेले. आता हेच," दिग्दर्शक म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर हिरो मुखवटा चढवून दारात उभा राहिला. मी सवयीने नजर फिरवली. टोपी बरोबर. मोजे बरोबर. बुटांवर चुन्याची भुकटी, बुरुजावर चढला की लागायची तशी. बुरुजाचा सेट मोडून दोन वर्षं झाली होती.

गाठ डावीकडे.

या वेळी मी तोंड उघडलं नाही.

चिमणी धावली आणि त्याच्या गळ्यातच पडली. "बाबा!"

तेवढ्यात बाजूच्या दाराने हिरो आत आला. तोंडात घास, हातात मुखवटा.

मुखवटेवाला वाकून चिमणीच्या कानात काहीतरी म्हणाला. तिने फ्रॉकच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावशी, बाबा म्हणतात, माझी गाठ चुकलीय. उजवीकडे हवी ना?"

दिग्दर्शकाची नजर मॉनिटरवरच होती. "मग परत एकदा घेऊ," तो म्हणाला.

चिमणीने हसून गाठ फिरवली.